नगरपाल

नगरपाल : राजाच्या किंवा राज्याच्या वतीने एखाद्या शहरात वा जिल्ह्यात मानाने वावरणारा, पण प्रत्यक्ष कारभाराची सत्ता नसलेला पदाधिकारी. मुंबईत हे पद ‘शेरीफ’ या मूळ इंग्रजी नावाने अधिक परिचित असून मराठीत त्यास ‘नगरपाल’ म्हणतात. इंग्लंडमधील काउंटीत राजाचे प्रतिनिधित्व करणारे ‘शेरीफ’ व ‘लॉर्ड लेफ्टनंट’ हे दोन पदाधिकारी या पदाचे पूर्वज होत. या पदाचे सामान्यतः ‘शोभेचे पद’ असे वर्णन केले जाते. ते अपुरे आहे. एके काळी न्यायालयाचा हुकूम अंमलात आणणारा राजाचा हात म्हणून ज्याची ओळख होती, त्याच्याकडून सत्ता क्रमाक्रमाने निघून गेली आणि मान तेवढा मागे राहिला. मात्र त्या मानाच्या आधारे नागरिकांनी वेळोवेळी आपले म्हणणे राज्यकर्त्यांपुढे मांडले, ही या पदाच्या इतिहासातील महत्त्वाची बाब आहे.

इंग्लंडमधील उगम : ‘शेरीफ’ हा शब्द ‘शायर’ म्हणजे परगणा व ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी या दोन जुन्या इंग्रजी शब्दांपासून बनला. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच हा अधिकारी अस्तित्वात होता. नॉर्मन राजांनी त्याचे सामर्थ्य पुष्कळच वाढविले. काउंटीतील राजाचा वसूल गोळा करणे, सैन्याची जमवाजमव, गुन्हेगारांना पकडणे, न्यायसभा भरविणे व राजाज्ञांची बजावणी ही सर्व कामे एकाच माणसाकडे होती. वसुलाची पद्धत मक्त्याची होती. शेरीफने ठराविक रक्कम राजाच्या खजिन्यात भरावयाची आणि त्याहून जे अधिक मिळेल ते स्वतःकडे ठेवावयाचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील इजारेदारीची ज्यांना माहिती आहे, त्यांना या पद्धतीचे परिणाम वेगळे सांगावयास नकोत. तक्रारी इतक्या वाढल्या, की दुसऱ्या हेन्रीने ११७० मध्ये चौकशी करवून बहुतेक शेरीफांना काढून टाकले. १२१५ च्या मॅग्ना कार्टात शेरीफच्या अधिकारांना आळा घालणारी कलमे आहेत : राजसत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले त्याने चालवू नयेत आणि कोणाचे घोडे किंवा गाड्या त्याने मालकाच्या संमतीवाचून नेऊ नयेत. चौदाव्या शतकात पदाची मुदत एका वर्षावर आणण्यात आली. एका माणसाने फार काळ राहून प्रबळ होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. मुंबईच्या नगरपालाची मुदत एक वर्षाची असते, ती याच परंपरेतून.

शेरीफची नेमणूक आजही राजा करतो. दरवर्षी १२ नोव्हेंबर रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात प्रत्येक काउंटीसाठी नावे सुचविली जातात. पुढे राजा चर्मपत्रावरील निवडलेल्या नावापुढे चांदीच्या टोच्याने भोक पाडतो. शाईची खूण पुसता येते, भोक पुसता येत नाही, असे या रिवाजाचे समर्थन करण्यात येते. निवडलेल्या व्यक्तीला वेतन नसते. वर्षभराचा खर्च तिने पदरमोड करूनच करावयाचा असतो. १८८७ च्या शेरीफ अधिनियमाने जुने विखुरलेले नियम एकत्र करण्यात आले. लंडन शहराचा प्रकार मात्र निराळा आहे. तेथील दोन शेरीफ राजा नेमत नाही, शहरातील व्यवसायसंघांचे सभासद त्यांना निवडतात. हा हक्क बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीच्या सनदेने मिळालेला असून लंडनच्या नागरिकांनी तो जपून ठेवला आहे.

सोळाव्या शतकात शेरीफकडील लष्करी काम वेगळे करण्यात आले. आठव्या हेन्रीने १५४० नंतरच्या दशकात काही काउंट्यांमध्ये आपले ‘लेफ्टनंट’ म्हणजे मुतालिक नेमले. स्पेनच्या स्वारीची धास्ती निर्माण झाल्यावर पहिल्या एलिझाबेथने १५८५ च्या सुमारास ही पद्धत सर्वत्र रूढ केली. काउंटीतील फौज उभारणे, तिची हजेरी व हत्यारे पाहणे हे लॉर्ड लेफ्टनंटचे काम ठरले. शेरीफचा दर्जा त्यामुळे उतरला. पण अप्रिय कामे त्याच्याचकडे राहिली. पहिल्या चार्ल्सने संसदेला न विचारता बसविलेली जहाजपट्टी १६३५ पासून सर्व काउंट्यांतून वसूल करण्याची आज्ञापत्रे शेरीफांच्याच नावे निघाली होती. ही पट्टी भरण्यास जॉन हॅम्डेनने नकार दिला आणि त्याच्यावरील खटल्यातून राजा व संसद यांतील संघर्ष अधिकच चिघळला.

लॉर्ड लेफ्टनंटकडील फौजेचा ताबा १८७१ च्या लष्करी सुधारणांनी गेला. त्यानंतर हे पद पूर्णपणे मानाचे झाले. १९९७ च्या लेफ्टनन्सी अधिनियमाने त्याची आजची रचना निश्चित केली आहे. पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजा ही नेमणूक करतो, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्ती असते, वेतन नसते. राजघराण्यातील व्यक्तींचे काउंटीत स्वागत करणे, राजाच्या वतीने काही पदके व पुरस्कार प्रदान करणे, नव्या नागरिकांच्या शपथविधीस उपस्थित राहणे, स्वयंसेवी संस्थांना उत्तेजन देणे ही त्याची कामे होत. पक्षीय राजकारणापासून दूर राहणे ही मुख्य अट आहे. दीर्घकाळ ही पदे सरदार व जमीनदार घराण्यांतच राहिली. १९७५ मध्ये नॉरफोकच्या डचेस लाव्हिनिया या वेस्ट ससेक्सच्या, आणि देशातीलही, पहिल्या स्त्री लॉर्ड लेफ्टनंट झाल्या. २०१५ मध्ये बृहन्लंडनसाठी आफ्रिकी वंशाचे केन ओलिसा व २०१८ मध्ये लेस्टरशरसाठी भारतीय वंशाचे माइक कपूर यांची नेमणूक झाली. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो, ग्लासगो, ॲबर्डीन व डंडी या चार शहरांचे लोकनियुक्त महापौरच पदसिद्ध लॉर्ड लेफ्टनंट असतात. लोकांचा प्रतिनिधी व राजाचा प्रतिनिधी एकाच झग्यात पहावयाचा असेल, तर तो तेथे दिसतो.

भारतातील आगमन : लॉर्ड लेफ्टनंट भारतात आला नाही, शेरीफ आला. याचे कारण असे, की ईस्ट इंडिया कंपनीला फौजेसाठी राजाच्या मुतालिकाची गरज नव्हती. पण राजाच्या नावाने चालणाऱ्या न्यायालयांना हुकूम बजावणारा अधिकारी हवा होता. पहिल्या जॉर्जने २४ सप्टेंबर १७२६ रोजी दिलेल्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयरचे न्यायालय स्थापन झाले. मेयर व नऊ आल्डरमन अशी त्याची रचना असून नमुना लंडन शहराचा होता. त्याबरोबरच प्रत्येक ठिकाणी शेरीफ आला. लंडनच्या नागरिकांचा निवडीचा हक्क मात्र बरोबर आला नाही. येथे शेरीफची नेमणूक गव्हर्नर व त्याचे सल्लागार मंडळ दरवर्षी करीत असे. मुंबईत मेयरच्या न्यायालयानंतर १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय, १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय व १८६२ मध्ये उच्च न्यायालय आले. न्यायालये बदलली, तरी शेरीफ तोच राहिला.

या काळातील शेरीफ शोभेचा मुळीच नव्हता. समन्स बजावणे, मालमत्ता जप्त करून विकणे, ऋणकोस अटक करणे, ज्यूरीची माणसे बोलाविणे, तुरुंग सांभाळणे आणि फाशीची शिक्षा अंमलात आणणे ही त्याची कामे होती. विक्रीच्या रकमेवर त्यास ठराविक दराने शुल्क मिळे. कलकत्त्यात ५ ऑगस्ट १७७५ रोजी महाराजा नंदकुमार यास फाशी देण्यात आली, तेव्हा ती अंमलात आणण्याची जबाबदारी तेथील शेरीफ अलेक्झांडर मॅक्रॅबी याच्यावर होती. हा वॉरन हेस्टिंग्जचा कट्टर विरोधक फिलिप फ्रान्सिस याचा मेहुणा. नंदकुमारने हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले होते आणि त्यानंतर लवकरच त्याच्यावर बनावट दस्तऐवजाचा खटला झाला. मॅक्रॅबीने त्या दिवसाची हकीकत लिहून ठेवली असून नंदकुमारचे शांत धैर्य तीत नोंदलेले आहे. शिक्षा योग्य होती की नाही, हे ठरविणे शेरीफच्या अधिकारात नव्हते. राजाच्या नावाने आलेला हुकूम त्याने पुरा केला.

राजाज्ञेची सीमा आणि पुणे : राजाच्या न्यायालयाचा हुकूम नेमका कोठपर्यंत चालतो, हा प्रश्न मुंबई इलाख्यात १८२८ मध्ये पुण्याच्या एका मुलावरून उपस्थित झाला. मोरो रघुनाथ हा सुमारे चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र या आपल्या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. तो इच्छेविरुद्ध डांबला गेला असल्याचा अर्ज मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात आला आणि न्यायालयाने त्यास हजर करण्याविषयी हेबिअस कॉर्पसचे आज्ञापत्र काढले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यास हे मान्य नव्हते. पेशवाई बुडून अवघी दहा वर्षे झाली होती. दख्खनमधील सरदार व प्रतिष्ठित घराणी यांना सांभाळून घेण्याचे धोरण एल्फिन्स्टनने आखले होते व माल्कम त्याच मार्गाने जात होता. मुंबईच्या न्यायालयाचे शिपाई पुण्याच्या वाड्यांत शिरू लागले, तर हे धोरण कोसळेल, अशी त्याची भीती होती. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी सरकारने न्यायाधीशांना पत्र लिहून बेटाबाहेरील मुलखात अशी आज्ञापत्रे चालू दिली जाणार नाहीत, असे कळविले.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्येच मरण पावला होता. सर चार्ल्स चेंबर्सही ऑक्टोबरात वारला. उरला एकटा सर जॉन पीटर ग्रँट. सरकार राजाच्या न्यायालयाचा हुकूम मानीत नाही, तर न्यायालय चालविण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेऊन त्याने १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयाचे कामकाजच बंद केले. इंग्लंडमध्ये कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला लिहिलेले एक खाजगी पत्र या वेळी फुटून वर्तमानपत्रांत आले. नव्याने पाठविलेल्या दोन न्यायाधीशांमध्ये ग्रँट हा दोन माणसाळलेल्या हत्तींमधील रानहत्तीसारखा वठणीवर येईल, अशा आशयाचे ते पत्र होते. न्यायाधीशांविषयी राज्यकर्त्यांची समजूत काय होती, हे त्यावरून दिसते. प्रिव्ही कौन्सिलने १८२९ मध्ये निर्णय दिला, की न्यायालयाच्या स्थानिक सीमेत न राहणाऱ्या व त्याच्या अधिकारकक्षेत व्यक्तिशः न येणाऱ्या माणसांवर असे आज्ञापत्र काढता येत नाही.

या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ असा, की राजाचा शेरीफ मुंबई बेटाच्या कडेशी थांबला. बेटाबाहेरील मुलखात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेप्रमाणे कंपनीची न्यायालये चालत आणि त्यांचे हुकूम नाझर व त्याचे बेलीफ बजावीत. पुण्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या, हवेली तालुक्यातील हडपसरसारख्या गावी जप्तीची नोटीस येई ती नाझराकडून. सरकारचा वसूल मागे तो पाटील. आणि वर मामलेदार व कलेक्टर. गावकऱ्यांच्या दृष्टीने पाटील हा एकाच वेळी राज्यकर्त्यांचा व गावाचा प्रतिनिधी होता. पोळा व होळी यांसारख्या सणांतील पहिला मान त्याचा असे आणि हा मान सत्तेपेक्षाही जिवापाड जपला जाई, हे मानासाठी झालेल्या असंख्य भांडणांवरून कळते. महाराष्ट्र शासनाने १९६२ च्या अधिनियमान्वये वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी रद्द केली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद निश्चित केले. वतन गेले, तरी पुष्कळ गावांत सणाचा मान त्याच घराण्याकडे राहिला. इंग्लंडमधील काउंटीत जे घडले, त्याचेच हे मराठी रूप म्हणता येईल.

नाममात्र राजाच्या मान्यतेस मराठी राज्यात किती किंमत होती, हेही हडपसरच्याच एका प्रसंगावरून स्पष्ट होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी या गावाजवळील रणात यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईस गेला व ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. पुणे होळकराच्या हाती होते, फौज त्याचीच होती. तरीही अमृतरावाचा मुलगा विनायकराव यास पेशवा म्हणून बसविण्यासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे मिळविण्याची खटपट त्याला करावी लागली. छत्रपतींकडे त्या वेळी राज्यकारभार नव्हता, पण त्यांच्या वस्त्रांवाचून पेशवेपद पुरे होत नव्हते. ‘प्रतिनिधी’ या नावाचेच एक पदही मराठी राज्यात होते. राजाराम महाराज जिंजीस असताना प्रल्हाद निराजी याच्यासाठी ते निर्माण झाले व पुढे परशुराम त्रिंबक याच्या घराण्यात, म्हणजे औंधच्या पंतप्रतिनिधींकडे, वंशपरंपरेने राहिले. पेशवाईच्या भरात त्या पदाची सत्ता आटली, पदवी टिकली.

शेरीफची सभा : मुंबईत एकोणिसाव्या शतकात शेरीफच्या पदाला नवे महत्त्व आले, ते न्यायालयामुळे नव्हे, तर जाहीर सभांमुळे. इंग्लंडमधील रिवाजाप्रमाणे काउंटीतील प्रतिष्ठित रहिवाशांनी लेखी मागणी केल्यास शेरीफ सर्व रहिवाशांची सभा बोलावी. मुंबईत हाच रिवाज पडला. नागरिकांनी सह्यांचे मागणीपत्र शेरीफकडे द्यावयाचे, त्याने वर्तमानपत्रांतून सूचना प्रसिद्ध करावयाची व टाउन हॉलमध्ये सभा भरावयाची. अशा सभेचा ठराव एखाद्या मंडळीचा किंवा जातीचा न मानता ‘मुंबईच्या नागरिकांचा’ मानला जाई. विधिमंडळात लोकनियुक्त सभासद नव्हते, त्या काळात या एका शब्दाला फार मोल होते. शोकसभा, स्मारके, मानपत्रे यांसाठी ही प्रथा वापरली जाई. पण सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याची मान्य वाटही तीच होती.

शेरीफपद हिंदी गृहस्थांना मिळू लागल्यावर ते नागरी प्रतिष्ठेचे शिखर समजले जाऊ लागले. प्राच्यविद्यापंडित व वैद्य भाऊ दाजी लाड हे १८६९ व १८७१ असे दोनदा शेरीफ झाले. प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग १८७९ मध्ये, पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले रहिमतुल्ला सयानी १८८५ मध्ये, तर गिरणी उद्योगाचे आद्य प्रवर्तक सर दिनशा माणेकजी पेटिट १८८६ मध्ये या पदावर होते. हिंदू, मुसलमान, पारशी, यूरोपीय अशा निरनिराळ्या समाजांतील माणसांना आळीपाळीने मान देण्याचे धोरण या यादीत दिसते. सरकारची मर्जी राखणे व शहराचा विश्वास टिकविणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून अपेक्षित होत्या.

पुण्यात शेरीफ नव्हता. म्हणून लोकांच्या वतीने कोणी बोलावयाचे, हा प्रश्न तेथे निराळ्या रीतीने सुटला. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. सभेच्या पंचाण्णव सभासदांनी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे मिळविली होती. मुंबईत सभेला अधिकार येई तो शेरीफच्या, म्हणजे अंतिमतः राजाच्या, नावाने. पुण्यात तो लोकांच्या सह्यांनी आला. औंधचे पंतप्रतिनिधी हे सार्वजनिक सभेचे पहिले अध्यक्ष होते. जुन्या राजाच्या प्रतिनिधीचा वंशज नव्या लोकप्रतिनिधींच्या अग्रभागी बसला, हा योगायोग लक्षणीय आहे. राजकीय दृष्ट्या पाहता पुण्याचा मार्गच अधिक दूरचा पल्ला गाठणारा ठरला. शेरीफच्या सभेत अखेर निमंत्रण कोणाचे, हा प्रश्न उरतच होता.

तो प्रश्न ११ डिसेंबर १९१८ रोजी उघड झाला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होत होता. त्याच वर्षी १० जून रोजी मुंबईस झालेल्या युद्ध परिषदेत त्याने लोकमान्य टिळकांचे भाषण मध्येच थांबविले होते आणि टिळक सभात्याग करून गेले होते. होमरूलवाद्यांच्या मनात त्याची सल होती. विलिंग्डनचे स्मारक करण्यासाठी मुंबईच्या नागरिकांची सभा शेरीफने टाउन हॉलमध्ये बोलाविली. महंमद अली जिना व त्यांचे सहकारी यांचा युक्तिवाद सरळ होता : सभा नागरिकांची असेल, तर विरोध करणारेही नागरिकच आहेत, त्यांनी हजर राहून विरुद्ध मत दिलेच पाहिजे. त्यांच्या अनुयायांनी सकाळपासूनच सभागृहात जागा धरल्या. सायंकाळी सर जमशेटजी जिजीभाई यांना अध्यक्षस्थान देण्याची सूचना येताच एवढा गोंधळ झाला, की कोणाचेच बोलणे ऐकू येईना. पोलिसांनी सभागृह रिकामे केले. स्मारकाची कल्पना सोडून द्यावी लागली. उलट लोकांनी एक-एक रुपयाची वर्गणी जमवून जिनांच्या नावाने सभागृह उभारले. ते काँग्रेस हाउसच्या आवारातील पी. जे. हॉल होय. मुंबईत यानंतरही शेरीफच्या सभा झाल्या, परंतु शेरीफने बोलाविले म्हणजे शहर बोलले, हे समीकरण त्या सायंकाळी मोडले.

स्वातंत्र्योत्तर काळ : २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि राजसत्तेशी असलेले उरलेसुरले नाते संपले. राज्यपाल हा राष्ट्रपतीने नेमलेला घटनात्मक प्रमुख झाला. तर्काने पाहता शेरीफपद येथे संपावयास हवे होते. ते संपले नाही. नेमणूक राज्य शासनाकडे आली. मुदत एक वर्षाची, क्वचित वाढवून दिलेली. नगरपाल हा पक्षनिरपेक्ष नामवंत नागरिक असावा, असा संकेत रूढ आहे. मानक्रमात त्याचे स्थान महापौराच्या खालोखाल समजले जाते. परदेशी पाहुण्यांचे स्वागत करणे, शहरातील समारंभ व परिषदा यांना उपस्थित राहणे, सार्वजनिक कार्यास हातभार लावणे ही त्याची कामे होत. चित्रपट अभिनेते दिलीपकुमार १९८० मध्ये, क्रिकेटपटू सुनील गावसकर १९९४ मध्ये, उद्योगपती विजयपत सिंघानिया २००५–०६ मध्ये आणि शिक्षणतज्ज्ञ इंदू शहाणी २००८ मध्ये नगरपाल होत्या. एकोणिसाव्या शतकातील यादीत पंडित, वैद्य व व्यापारी होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रियता ही नवी कसोटी त्यांत आली. नागरिकांच्या सह्यांवरून सभा बोलाविण्याचे काम मात्र मागे पडले. वर्तमानपत्रे, पक्ष व निवडणुका असताना त्याची गरज उरली नाही, असे म्हणता येते. तरी शहरातील परस्परविरोधी मंडळींना एका व्यासपीठावर बोलावू शकेल असा पक्षाबाहेरचा यजमान त्यामुळे नाहीसा झाला, हेही खरे.

इतर जिल्ह्यांत नगरपालासारखे पद नाही. महाराष्ट्र दिनी जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वज उभारतो तो सामान्यतः पालकमंत्री, म्हणजे सत्तारूढ पक्षाचा माणूस. पुण्यात स्वातंत्र्यदिनी विधान भवनाच्या जुन्या इमारतीसमोर राज्यपालाने ध्वजवंदन करण्याची प्रथा आहे. पावसाळ्यात मुंबई सोडून गणेशखिंडीच्या निवासस्थानी येऊन राहणाऱ्या ब्रिटिश गव्हर्नरांची ती आठवण म्हणावी लागेल.

जहाजांची जप्ती : नगरपालाच्या जुन्या सत्तेपैकी एक भाग आजही शिल्लक असून तो सामान्य वाचकास सहसा ठाऊक नसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडील हुकूमनाम्यांची बजावणी नगरपालाच्या कार्यालयामार्फत होते. प्रत्यक्ष काम उपनगरपाल व त्याचे बेलीफ पाहतात. मानाचा नगरपाल त्यात लक्ष घालीत नाही. यांतील सर्वांत लक्षवेधी काम म्हणजे सागरी दाव्यांत जहाज अटकेत घेणे. खलाशांचा पगार थकला, इंधनाचे पैसे बुडाले, मालाचे नुकसान झाले किंवा टक्कर झाली, तर धनको जहाजाच्या दूर देशीच्या मालकाचा शोध घेत बसत नाही. तो जहाजावरच दावा लावतो. न्यायालयाने अटकेचे आज्ञापत्र काढले, की बेलीफ बंदरात जाऊन ते जहाजावर लावतो आणि बंदर व सीमाशुल्क अधिकाऱ्यांना कळविले जाते. मग त्या जहाजाला बंदर सोडण्याची परवानगी मिळत नाही. मालकाने योग्य तारण दिल्यास जहाज सुटते. न दिल्यास न्यायालयाच्या हुकमाने त्याचा लिलाव होतो. अशा लिलावाचे वैशिष्ट्य असे, की खरेदीदारास जहाज जुन्या सर्व बोज्यांपासून मुक्त मिळते. धनकोंचे दावे विक्रीच्या रकमेवर चालतात, जहाजावर नाही. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजावर महिनोन्‌महिने अडकून पडणाऱ्या खलाशांना वेतन मिळण्याचा हाच पुष्कळदा शेवटचा मार्ग असतो. पूर्वी ही कार्यवाही ब्रिटिश संसदेच्या १८६१ च्या कायद्याच्या आधारे चाले. त्याची जागा घेणारा भारतीय सागरी दावे अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१८ पासून अंमलात आला. १८२९ मध्ये ज्याचा हात बेटाच्या कडेशी अडविण्यात आला, त्याची आज्ञा समुद्राच्या बाजूने अशी अबाधित राहिली.

इतर शहरे व देश : मद्रासच्या शेरीफपदावर १९५६ मध्ये समाजसेविका मेरी क्लबवाला जाधव यांची नेमणूक झाली, त्या तेथील पहिल्या स्त्री शेरीफ होत. चेन्नईतील हे पद पुढे रद्द करण्यात आले. कलकत्त्यातील पद मात्र टिकले असून २०१९ मध्ये ‘शंकर’ या नावाने लिहिणारे बंगाली कादंबरीकार मणिशंकर मुखर्जी यांना ते मिळाले. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे न्यायाधीश. अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत तो काउंटीतील मतदारांनी निवडलेला, पोलीस व तुरुंग यांचा सशस्त्र अधिकारी असतो. इंग्लंडमध्ये राणी दुसरी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ रोजी निधन पावली, तेव्हा नव्या राजाच्या राज्यारोहणाची घोषणा काउंट्यांतील शेरीफांनी ठिकठिकाणी जाहीरपणे वाचून दाखविली.